मेळघाटला निघालात? आरोग्याची शिदोरीही बांधा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. हे रुग्ण नसतात, प्रवासाला निघालेले लोक असतात. "डॉक्टरसाहेब, मुलांना घेऊन चिखलदऱ्याला चाललोय, सोबत कोणत्या गोळ्या ठेवू?" असा त्यांचा प्रश्न असतो. पूर्वी ही मंडळी माहूर, औंढा, परळी असे देवदर्शन करून परत येत. आता घरोघरी मुलांना वाघ बघायचा असतो. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र चार गोळ्यांची पट्टी खिशात टाकली म्हणजे तयारी झाली असे नव्हे. म्हणून या आठवड्यात थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीतले एक शिक्षक ताप घेऊन माझ्याकडे आले. थंडी वाजून ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून आलेले. दिवाळीनंतरचे दिवस, गावात तापाची साथ. मी पॅरासिटामॉल दिले, रक्त तपासले. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, विडाल तपासणी किंचित वाढलेली. टायफॉइड असावा असे धरून मी औषध सुरू केले. पाचव्या दिवशीही ताप हटेना आणि त्यांना धाप लागू लागली. तेव्हा त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "चिखलदऱ्याहून आल्यापासून यांचं असंच चाललंय. तिथं गवतात बसून डबा खाल्ला, बहुतेक ते थंड जेवण बाधलं."

मी त्यांना पट्टा सैल करायला सांगितले. कमरेवर, बरोबर पट्ट्याखाली, वाटाण्याएवढी काळी खपली होती. विडीचा चटका बसल्यावर दिसते तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्यांच्या लक्षातही आली नव्हती. तो स्क्रब टायफस होता. योग्य औषध सुरू करून त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांत ताप उतरला आणि आठवड्याभराने ते घरी आले. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. "गेल्या महिन्यात कुठे प्रवास केला होता?" हा एक प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

मेळघाट म्हणजे काय

सातपुड्याच्या रांगांमध्ये, अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाट पसरलेला आहे. घाटांचा जिथे मेळ होतो तो मेळघाट. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत याची निवड झाली. महाराष्ट्रातले हे पहिले व्याघ्र क्षेत्र. गुगामल राष्ट्रीय उद्यान याच्याच पोटात आहे. साग आणि बांबूचे जंगल, त्यातून वाहणाऱ्या सिपना, खापरा, गाडगा, डोलार या नद्या, आणि या रानात पिढ्यान्पिढ्या राहणारे कोरकू आदिवासी. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर, चौशिंगा असे प्राणी इथे आहेत. परंतु डोंगर उंच-सखल आणि झाडी दाट असल्यामुळे वाघ दिसेलच असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चिखलदरा हे इथले थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि पुढे चिखलदरा झाले, अशी आख्यायिका आहे. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणले, असे सांगतात. म्हणजे आपल्या जुन्या निजामी मुलखाशीही त्याचा धागा जुळतो. आणि नांदेडच्या जुन्या मंडळींना पूर्णा-अकोला-खांडवा ही मीटरगेज गाडी आठवत असेलच. अकोटच्या पुढे ती याच जंगलातून जाई आणि धूळघाटाजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून डोंगर उतरत. ती गाडी आता राहिली नाही. आता हिंगोली, वाशीम, अकोला करत परतवाड्याला जायचे आणि तिथून घाट चढायचा.

उंचीची भीती नको, थंडीची तयारी हवी

केदारनाथ, अमरनाथच्या बातम्या वाचून काही जण विचारतात, "तिथे प्राणवायू कमी पडेल का?" नाही. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर आहे. तिथे धाप लागली तर तो उंचीचा दोष नव्हे, आपल्या हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा वजनाचा आहे असे समजावे.

मात्र दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. नांदेडपेक्षा चिखलदरा बरेच उंच असल्याने तिथे चार-पाच अंशांचा फरक पडतोच. हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीत बसल्यावर वारा हाडांत शिरतो. दम्याच्या रुग्णांनी नाक-तोंड मफलरने झाकावे आणि पंप बॅगेत नव्हे, खिशात ठेवावा. लहान मुलांचे कान झाकावेत.

घाटात उलट्या होणाऱ्यांनी निघण्यापूर्वी भरपेट जेवू नये. पण अगदी उपाशीही राहू नये. पुढच्या सीटवर बसून दूरवर नजर ठेवावी, मोबाइलमध्ये डोके घालू नये. उलटीची गोळी घ्यायचीच असेल तर घाट सुरू होण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर पडते. या गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

साखर, रक्तदाब आणि पहाटेची सफारी

मधुमेहाच्या रुग्णांनो, हा परिच्छेद दोनदा वाचा. जंगल सफारी पहाटे सुरू होते. नेहमीच्या सवयीने तुम्ही इन्सुलिन घेता किंवा गोळी खाता आणि "नाश्ता आल्यावर करू" म्हणून जिप्सीत बसता. गाडी परत यायला तीन-चार तास लागतात. मध्ये जंगलात खाली उतरता येत नाही. अशा वेळी साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. बरोबरच्यांना वाटते थंडीने कुडकुडताहेत. नियम सोपा आहे: खाल्ल्याशिवाय औषध नाही. सफारीच्या दिवशी औषधाची वेळ कशी बदलायची हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. सोबतच्या माणसालाही ती कोणत्या खिशात आहे हे सांगून ठेवा. इन्सुलिन गाडीच्या काचेजवळ तापत ठेवू नका. थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे. बर्फाला चिकटवूनही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार लागते. म्हणून प्रवासात अनेक जण त्या परस्पर बंद करतात. असे करू नका, वेळ बदलून घ्या. हृदयविकाराच्या रुग्णांनी गाविलगड किल्ला चढण्याचा हट्ट धरू नये. माहूरचा गड चढताना छातीत भरून येते, त्यांनी तर आधी तपासणी करून घ्यावी.

आमच्या भगिनींसाठी एक खास सूचना. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. सहलीहून परतल्यावर लघवीची जळजळ आणि ताप घेऊन येणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त असते. पाणी प्यावे, आणि निघण्यापूर्वी व पोहोचल्यावर लघवीला जाऊन यावे. हे लाजण्याचे काम नाही.

उन्हाळ्यातला वाघ

पाणवठे आटले की प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात, झाडीही विरळ होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत वाघ दिसण्याची शक्यता वाढते. पण त्याच महिन्यांत ऊनही माणसाला खाते. चिखलदऱ्याला गार वाटले तरी खालच्या दऱ्यांत, सेमाडोह-कोलकासच्या बाजूला, चांगलेच तापते. दुपारची सफारी शक्यतो वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना नको. सुती, फिकट रंगाचे कपडे, डोक्याला उपरणे, आणि तहान लागण्याची वाट न बघता घोट-घोट पाणी. ओआरएसची पुडी असेल तर उत्तम. ती पुडीवर लिहिलेल्या मापानेच, बहुतेक पुड्या एक लिटर पाण्यात, पूर्ण विरघळवावी. अंदाजाने चमचाभर घालून उपयोग नाही.

अंग तापले आहे आणि माणूस बरळतो आहे किंवा ग्लानीत जातो आहे, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

साप, विंचू आणि मधमाशा

जंगलात साप असणारच. आपल्याकडचे प्रमुख विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही सापांवर एकच प्रतिविष लस चालते. त्यामुळे कोणता साप चावला हे ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावू नका. एकाला चावला होता, तो दुसऱ्यालाही चावेल.

मण्यारीबद्दल विशेष सांगतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. लोक याला अपचन समजून सोडा पाजत बसतात. तंबूत किंवा झोपडीत राहायचे असेल तर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायांत बूट.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अंगठी, पैंजण, बांगड्या काढाव्यात. हात किंवा पाय मोडल्यावर फळी लावतात तसा स्थिर ठेवावा. रुग्णाला चालायला न लावता थेट रुग्णालय गाठावे. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, धारणी आणि अचलपूर येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे, पण जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून मुक्कामी पोहोचल्याबरोबर वनरक्षकाला किंवा गाइडला विचारून ठेवावे, "जवळचा दवाखाना कोणता, रात्री गाडी कोण देईल?" हे दोन प्रश्न जीव वाचवतात.

विंचवाच्या बाबतीत आपल्या मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. एके काळी अनेकांचा घात करणारा हा दंश त्यामुळे आटोक्यात आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलात, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. बूट घालण्यापूर्वी ते आपटून घ्यावेत, एवढी सवय पुरेशी आहे.

आग्या मोहोळाची भीती मात्र लोक विसरतात. उंच झाडांवर, किल्ल्याच्या तटांवर आणि कड्यांना ही पोळी असतात. त्याखाली धूर, चूल, विडी, फटाके, उग्र अत्तर आणि आरडाओरडा नको. मुलांच्या हातात दगड नको. माशा उठल्याच तर तोंड आणि डोके कापडाने झाकून गाडीत किंवा खोलीत पळावे. शरीरात रुतलेला काटा नखाने पटकन खरवडून काढावा. ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर एक माशी चावली असली तरी रुग्णालय. अनेक माशा चावल्या असतील तर त्रास वाटत नसला तरी रुग्णालय.

अस्वलाविषयीही सांगतो. वाघापेक्षा अस्वल अधिक अवचित अंगावर येते, कारण त्याला कमी दिसते आणि ते दचकते. मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत पहाटे झाडाखाली ती खायला येते. पायी भटकंती गाइडशिवाय, तीही भल्या पहाटे, करू नये.

चिखलदऱ्याच्या पॉइंटवर माकडांना खाऊ घालण्याची हौस आवरा. माकड किंवा कुत्रे चावले, नखाने ओरखडले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. "सहलीवरून परतल्यावर बघू" असे म्हणू नये.

पावसाळ्यानंतरचे गवत

आता पुन्हा त्या काळ्या खपलीकडे येतो. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्याच्या जंगलातली सफारी बंद असते. पण धबधबे आणि धुके बघायला चिखलदऱ्याला गर्दी उसळते, आणि दिवाळीला पुन्हा एकदा. नेमके हेच महिने स्क्रब टायफसचे. उंच गवतात आणि झुडपांत डोळ्यांना जेमतेम दिसणारी माइट नावाच्या किड्याची अळी असते. ती अंगावर चढते आणि जिथे कपडा घट्ट बसतो किंवा कातडी मऊ असते तिथे चावते: कंबर, जांघ, काख, गुडघ्याची मागची बाजू, स्त्रियांत स्तनांखाली. चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर सहल विसरूनही गेलेली असते. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात या तापाची साथ आली होती आणि तिने बळी घेतले. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त, जुन्या औषधाने तो बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर जातो. गरोदर स्त्रियांसाठी औषध वेगळे आहे, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नये.

टाळायचे कसे? पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, पँटचे टोक मोज्यांत खोचलेले. गवतात थेट बसू नये, जाड सतरंजी अंथरावी. ओले कपडे गवतावर वाळत घालू नयेत. उघड्या अंगाला डास-कीटक पळवणारे मलम लावावे. मुक्कामी आल्यावर साबणाने अंग चोळून आंघोळ करावी आणि घातलेले कपडे गरम पाण्यात धुवावेत. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढावी. रॉकेल किंवा विडीचा चटका नको.

मेळघाटात मलेरियाही आहे. संध्याकाळनंतर अंग झाकावे, मच्छरदाणी वापरावी. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा गाळून, शुद्ध करूनच प्यावे. धबधब्याखाली, भीमकुंडाच्या कडेला, शेवाळलेल्या दगडांवर फोटोसाठी उभे राहू नये. पडल्यावर मोडलेले हाड मी जोडून देऊ शकेन, पण दरीतून माणूस वर आणता येत नाही.

सोबत काय न्यावे

रोजची औषधे चार दिवस जास्तीची, चिठ्ठीसह. पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, उलटीची गोळी, ॲलर्जीची गोळी, कापूस, पट्टी, जंतुनाशक द्राव, चिमटा, कीटक पळवणारे मलम, बॅटरी, शिट्टी. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट आणि आजार लिहिलेला एक कागद. दारूची बाटली मात्र घरी ठेवावी. अंधार, घाट आणि दारू यांचा मेळ बसत नाही.

हे सगळे वाचून सहल रद्द करू नका. याच डोंगरात, बैरागडसारख्या दूरच्या गावात, डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने आयुष्यभर रुग्णसेवा केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या माणसांना दवाखाना किती लांब असतो हे त्यांच्या कामावरून कळते. आपण दोन दिवसांचे पाहुणे, आपण काळजी घेतली तर तिथल्या अपुऱ्या यंत्रणेवरचा भारही हलका होतो. आणि मेळघाटच नव्हे, आपल्या किनवटच्या जंगलात, पैनगंगेच्या अभयारण्यात गेलात तरी हेच नियम लागू आहेत.

जरूर जा. मुलांना सागाच्या पानाचा आकार दाखवा, सिपनेच्या पाण्याचा आवाज ऐकवा, वाघ नाही दिसला तर त्याच्या पंजाचा ठसा दाखवा. फक्त परत आल्यावर महिनाभर लक्ष ठेवा. त्या काळात कोणाला ताप आला तर अंगावर काळी खपली आहे का ते आरशात बघा, आणि दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य हे बोला: "डॉक्टरसाहेब, आम्ही जंगलात जाऊन आलो आहोत." आम्ही डॉक्टर कधी कधी विचारायला विसरतो. तुम्ही सांगायला विसरू नका.